स्पेशल मुलांना गाणं शिकवायचंय, नुसतं गुंतवून नाही ठेवायचं. अनुभवी लोकांनी सांगा

पेटीवाली_प्रतापनगर

नमस्कार. मी प्रतापनगरला घरीच गाण्याचे क्लासेस घेते, १४ वर्षं झाली. प्रारंभिकपासून मध्यमापर्यंतची मुलं परीक्षेला बसवते, म्हणजे शिकवायची सवय नाही असं नाही. पण दिवाळीनंतर एका विशेष शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाऊन राहिली आहे आणि तिथे गेल्यावर मला काहीच येत नाही असं वाटते. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसं मनाने चांगली आहेत.

एका खोलीत ९ मुलं, वयं ८ ते १७. एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, उजवा हात मुठीसारखा आवळलेला आणि डावा हलतो पण जिथे न्यायचा तिथे पटकन जात नाही. एक ऑटिझमवाला, ११ वर्षांचा, बोलत नाही. एक मुलगी डाऊन सिंड्रोमची, तिला गाण्याचं इतकं वेड आहे की मी चप्पल काढते तेव्हाच तिचं सुरू झालेलं असते, पण शब्द कळत नाहीत. एकाला ऐकू येत नाही, मशीन आहे कानाला. एक पूर्ण अंध मुलगी आहे १५ वर्षांची, बाकीचे बौद्धिक दिव्यांग, कोणी शांत बसणारे कोणी सारखे उठणारे.

पहिल्या दिवशी मी जे नेहमी करते तेच केलं. तानपुरा लावला, सा लावा म्हटलं, मग अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे. पाच मिनिटंही टिकलं नाही. मग म्हटलं ताल देऊ, पिशवीतून झांज काढली आणि एकदाच वाजवली तर ऑटिझमवाला मुलगा कानावर हात ठेवून टेबलाखाली गेला तो तास संपेपर्यंत बाहेर आलाच नाही. मला अजून ते डोळ्यासमोरून जात नाही.

शाळेतल्या एका ताईंनी समजावलं की मॅडम तुम्ही टेन्शन नका घेऊ, फक्त गुंतवून ठेवा यांना, आणि २६ जानेवारीला एक देशभक्तीपर गाणं बसवून द्या, मागे रेकॉर्ड लावू आणि मुलं झेंडे हलवतील. त्या वाईट अर्थाने नाही बोलल्या. पण मी घरी आले आणि रडले. गाणं शिकवायला बोलावलं आणि गाणं येणार नाहीच असं आधीच ठरवून टाकलं, असं कसं चालेल?

आणि एक सांगते, म्हणूनच हे लिहून राहिली आहे. मागच्या गुरुवारी तास संपला, मी पेटी आवरत होते, भात्यात थोडी हवा उरली होती आणि व्हीलचेअरवाल्याचं कोपर पट्ट्यांवर पडलं. आवाज निघाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि परत कोपर टाकलं. परत. हवा संपली तरी टाकत होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता की आता का नाही वाजत. हा पोरगा शिकू शकतो याची मला त्या क्षणी खात्री पटली, फक्त कसं ते मला माहीत नाही.

ज्यांनी अशा मुलांना शिकवलंय त्यांनी प्लीज सांगा. वाद्यं कोणती द्यायची, झांजेसारख्या आवाजाचं काय करायचं, आणि ९ वेगळी मुलं एकाच तासात कशी धरायची.

सदरची_टीचर

ताई, मी विशेष शिक्षिका आहे, १९ वर्षं याच कामात. संगीत मला येत नाही पण ही मुलं माहीत आहेत.

सगळ्यात आधी तासाचा क्रम पक्का करा आणि तो महिनाभर बदलू नका. सामान्य क्लासमध्ये रोज नवीन काही दिलं तर मुलं खूश होतात, इथे उलटं आहे. पुढे काय होणार हे माहीत नसणं हीच कित्येक मुलांची सगळ्यात मोठी भीती असते. एकच स्वागताचं गाणं करा, तुमच्या मनाने, दोन ओळींचं, त्यात प्रत्येकाचं नाव येऊ द्या. शेवटी निरोपाचं गाणं, तेही रोज तेच. मध्ये तीन गोष्टी, जास्त नाही. या पाच गोष्टींची पाच चित्रं भिंतीवर लावा आणि एक झालं की ते चित्र पालथं करायचं, हे काम उठणाऱ्या मुलांपैकी एकाला द्या. तो उठतोच आहे तर कामासाठी उठू द्या. आणि शाळेचा ४५ मिनिटांचा तास असेल तर तो खूप होतो हो, २५ पासून सुरू करा.

झांजेबद्दल. त्या मुलाला तो आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, त्याला तो खरंच दुखतो. झांज सध्या पिशवीतच राहू द्या. त्याची जागा दाराजवळ ठेवा, दार उघडं, वाटलं तर बाहेर जाऊन व्हरांड्यातून ऐकू द्या. व्हरांड्यातून ऐकणारा मुलगाही तुमच्या क्लासमध्येच आहे असं समजा. आवाज कमी करणारे हेडफोन शाळेकडे असतील, नसले तर मागवायला सांगा.

दुसरी गोष्ट थांबणं. आपण विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तर नाही आलं की परत विचारतो, मग तिसऱ्यांदा मोठ्याने विचारतो. या मुलांना प्रश्न आत जाऊन उत्तर हातापर्यंत यायला वेळ लागतो आणि आपण मध्येच परत बोललो की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुम्ही संगीतवाल्या आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते, एका मात्रेला एक सेकंद धरून तीनतालाचं एक आख्खं आवर्तन मनात म्हणा, १६ सेकंद, मग बघा कोण काय करते ते. पहिल्यांदा ते १६ सेकंद फार मोठे वाटतील.

आणि मुलांचा हात वरून पकडून वाजवून घेऊ नका. आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे नको असलं तर त्यांना उचलून घेता येतो. डाऊनच्या मुलीच्या मानेबद्दल तिच्या पालकांना विचारून ठेवा, काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे मान जोरात हलवायचा नाच, कोलांटी वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि गुंतवून ठेवा म्हणणाऱ्या ताईंना प्रेमानेच सांगा की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये कलम २९ आहे, संस्कृती आणि मनोरंजनाचं, आणि त्यात कला विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे नव्याने आखायचं पण लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही जे मागून राहिल्या ते काही जास्तीचं नाही.

सीपीच्या मुलाचं बसणं, हाताची उंची हे एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. नागपुरातच केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

ठेका_महालचा

ताई नमस्कार, मी तबला वाजवतो, महालात राहतो. ते ऐकू न येणाऱ्या पोराबद्दल मी सांगतो कारण आमच्या गल्लीतल्या एकाला मी तीन वर्षं शिकवलं.

पहिले मीच म्हटलं होतं, काहून बाप्पा याला तबला, याला तर ऐकूच येत नाही. त्याची आजी हात जोडून म्हणाली, भाऊ बसू तर द्या त्याला, दुसऱ्या पोरांचं पाहून तो दिवसभर डबे वाजवते. बसवला. मी डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्यावर, घुमारा काढला आणि त्याचा गुडघा डग्ग्याला टेकला होता, तर एकदम दचकून त्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि मग डग्ग्यावर. तिथून आमचं शिक्षण सुरू झालं.

खालचा आवाज अंगाला कळते. डग्गा, ढोलकीची धुम बाजू, हे छातीत आणि पायात कळते, वरचा आवाज बोटाच्या टोकाला थोडासा. टाइल्सची फरशी असली तर काहीच कळत नाही. मी प्लायवूडची शीट घेतली ४ बाय ६ ची, खाली दोन बॅटन, लाकडी पट्ट्या, ठोकले म्हणजे फरशीपासून उंच राहते, त्यावर तो अनवाणी बसायचा आणि मी त्याच शीटवर डग्गा ठेवून वाजवायचो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी म्हणून तालवाद्य वाजवणाऱ्या बाई आहेत जगभर नाव असलेल्या, त्यांना लहानपणीच ऐकू येणं जवळपास गेलं, त्या स्टेजवर अनवाणी उभ्या राहून वाजवतात, पायातून आवाज घेतात. हे मला नंतर समजलं, पोराने आधीच शिकवलं होतं.

दुसरं, आपल्या ताल पद्धतीत टाळी आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायची जागा, हाताने दाखवायची असते, हे तर या पोरांसाठीच केल्यासारखं आहे. दादरा घ्या, सहा मात्रा, पहिलीवर टाळी चौथीवर खाली, डोळ्याने दिसते. मी समोर हात दाखवायचो, तो शीटमधून डग्गा घ्यायचा आणि वाजवायचा. केरव्यात जास्त वेळ गेला, आठ मात्रा म्हणजे चौथ्यानंतर तो थांबून जायचा, मग मी प्रत्येक मात्रेला एक याप्रमाणे आठ वाट्या मांडल्या, पाचवीत, म्हणजे खालीच्या जागी, काहीच ठेवलं नाही आणि बाकीच्यांत एकएक गोटी. बोट फिरवत फिरवत त्याला आवर्तन पक्कं झालं.

मशीनवाल्या पोराजवळ ताशा किंवा टिपेची झांज नका वाजवू, मशीन सगळंच मोठं करते, त्याला पण त्रास होते.

आणि खंजिरी आणा ताई! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या विदर्भात खंजिरी गावागावातल्या भजनात आहे, पोरांनी घरी पाहिलेली असते. हातात धरता येत नसलं तर व्हीलचेअरच्या ट्रेला वेल्क्रोने बांधा, एका हाताने वाजते. नुसती बोटं घासली तरी झुणझुण होते. घुंगरू इलास्टिकवर ओवून मनगटाला किंवा पायाला बांधले की पकडायची भानगडच नाही, हलला की वाजला. ज्याला काठी पकडता येत नाही त्याच्या काठीला एसीच्या पाइपवर लावतात ती काळी फोमची नळी चढवा, जाड होते, मुठीत बसते. एसीवाल्याकडे तुकडे असेच पडलेले असतात.

सूरप्रेमी_४४

छान विषय. माझ्या मते या मुलांना रोज सकाळी ठरावीक राग ऐकवले तर बोलायला लागतात, मेंदू दुरुस्त होतो असं मी वाचलं आहे. शिकवण्यापेक्षा राग ऐकवण्यावर भर द्यावा.

आई_मनीषनगर

सूरप्रेमी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं असेल पण एका आईची विनंती आहे, असं कोणाला सांगू नका. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. तो ४ वर्षांचा असताना एकाने मला हेच सांगितलं, मी दीड वर्ष रोज पहाटे राग लावले आणि रोज वाट पाहिली. तो बोलला नाही, आणि त्या दीड वर्षात मी गाणं त्याच्यासोबत ऐकलंच नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. म्युझिक थेरपी वेगळी असते, शिकलेले लोक करतात, मोजून मापून करतात, ती मी नाकारत नाही. पण थेरपीत गाणं साधन असते आणि क्लासमध्ये गाणंच शिकायचं असते. माझ्या मुलाच्या आयुष्यात थेरपी भरपूर आहे हो. स्पीच आहे, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आहे, बिहेवियर आहे. एखादी गोष्ट त्याने दुरुस्त होण्यासाठी नाही तर आवडते म्हणून करावी इतकंच मला पाहिजे आहे.

पेटीवाली ताई, तुमचं टेबलाखाली गेलेल्या मुलाचं वाचून मला माझाच मुलगा दिसला. आम्ही त्याला एका क्लासमध्ये टाकलं होतं, कोणत्या ते सोडा, तिसऱ्या दिवशी सांगितलं की बाकीच्या पालकांची तक्रार आहे, याला घरीच शिकवा. त्यानंतर तीन वर्षं मी गाण्याचं नाव काढलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात, मे महिना, तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडचं ऊन. दुपारी कूलर सुरू आणि हा कूलरच्या जाळीला कान लावून बसलेला, तोंडाने एकच आवाज काढत होता, ऊं करून. मला वाटलं नेहमीसारखं आहे. माझे सासरे भजन मंडळात पेटी वाजवायचे, ते खाटेवर पडले होते, उठून बसले आणि म्हणाले, सूनबाई पेटी काढ. पेटी काढली आणि शोधलं तर पोरगा पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला, धरून होता. कूलर बंद केला की थांबायचा, सुरू केला की अगदी तोच सूर. घरात सगळ्यांना पाणी आलं डोळ्यांत. नंतर माझ्या भावाने, तो वीज मंडळात आहे, सांगितलं की आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून मोटरची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते, आणि ती पांढरी पाचच्या अगदी जवळ येते. म्हणजे याने कित्येक उन्हाळे तानपुऱ्याशिवाय सा लावलेला होता आणि आम्ही त्याला गप्प बस म्हणत होतो.

आता एक गोष्ट सांगते जी मला फार उशिरा समजली. माझा मुलगा मिक्सर लावला की कान झाकून पळतो. पण बटन त्याच्या हातात दिलं तर स्वतः मिक्सर लावतो आणि कान झाकत नाही. आवाज कधी येणार आणि कधी बंद होणार हे त्याच्या हातात असलं की तोच आवाज चालतो. तुमच्या मुलाला आवाजापासून लांब नका ठेवू, आवाजाचा ताबा त्याच्या हातात द्या.

पेटीवाली_प्रतापनगर

आई_मनीषनगर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. कूलरचं मी कधीच विसरणार नाही. पुढच्या तासाला मी तानपुरा पांढरी पाचला लावून पाहते, कोण सूर धरते ते पाहते.

सगळ्यांना एक विचारायचं आहे. ज्याचं कोपर पट्ट्यांवर पडलं त्याला पेटी द्यायची माझी फार इच्छा आहे, खंजिरी तर देईनच पण त्याने पेटी मागितली आहे, हसून मागितली आहे. पण कोपराने तीनचार पट्ट्या एकदम दबतात आणि बेसूर होते, मग बाकीची मुलं हसतात. आणि त्या १५ वर्षांच्या अंध मुलीचं काय करू, ती सगळ्यात पुढे आहे, दोन तासांत अलंकार पाठ झाले तिचे आणि बाकीच्यांसाठी थांबून थांबून ती कंटाळते.

पांढरी_चार

मी जन्मापासून अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला. गायन विशारद आहे आणि आता शिकवतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटते.

आधी त्या मुलीबद्दल. तिला या नऊ जणांच्या ग्रुपमध्ये पाहुणी म्हणून ठेवू नका, तिचा अभ्यासक्रम तोच आहे जो तुमच्या प्रतापनगरच्या मुलांचा आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, सरळ. आपलं संगीत कानाने आणि तोंडीच दिलं घेतलं जाते, कागद नंतर आला. ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची नजरसुद्धा लहानपणी फटाक्याने अधू झाली होती. आणि ब्रेल लिपी करणारे लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, १८२९ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकातच संगीत लिहायची सोय होती. ब्रेल येत असेल तर बंदिशी ब्रेलमध्ये लिहून घेऊ द्या, नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून द्या.

फक्त शिकवताना बोलायची सवय लावा. माझे पहिले गुरुजी "असं कर" म्हणून हात दाखवायचे आणि मी नुसताच बसून राहायचो, विचारायची हिंमत नव्हती. "असं" हा शब्द सोडा. कोणतं बोट, कोणती पट्टी, ते बोलून सांगा. मुखडा कुठून उचलायचा ते डोळ्याने खुणावू नका, श्वास ऐकू येईल इतका मोठा घ्या, आम्ही श्वासावर उचलतो. आणि खोलीत पेटी रोज एकाच जागी ठेवा, सरकवली तर सांगा.

आता पेटीचं. मी पेटी बोटांनी ओळखतो, काळ्या पट्ट्या उंच असतात, दोनचं जुडगं आणि तीनचं जुडगं. त्यामुळे ही गोष्ट मला लहानपणीच सापडली होती, की काळी तीनला सा धरला आणि फक्त काळ्याच पट्ट्या वाजवल्या, म्हणजे काळी तीन, चार, पाच आणि वरची काळी एक, दोन, तर सा रे ग प ध होते. भूप राग! त्यात काहीही कुठेही दाबलं तरी भूपच्या बाहेर जाता येत नाही. जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत मुलांच्या झायलोफोनवरून म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवतात, मग जे पाच सूर उरतात ते हेच. त्यांना पट्ट्या काढाव्या लागतात, आपल्या पेटीत त्या आधीच उंच करून ठेवल्या आहेत.

त्या मुलासाठी काळी तीनवर दुहेरी टेपने एक जाड खोडरबर चिकटवा, काळी एकवर दुसरं. म्हणजे सा आणि प बाकीच्यांपेक्षा वर येतील, कोपर कसंही आलं तरी आधी तेच दबतील. दोघांच्या मध्ये जागा पण भरपूर आहे. सा आणि प एवढ्यावर तो अख्ख्या क्लासला आधार देऊ शकतो, तानपुरा तरी आणखी काय करते. खोडरबरं त्या मुलीलाही दाखवा, तिला खूण म्हणून उपयोगी पडतील.

भाता त्याला मारायला लावू नका, पण तुम्हीही मारू नका, दुसऱ्या मुलाला द्या. भाता पलीकडच्या बाजूला असतो, म्हणजे दोघं समोरासमोर बसतील. एकाशिवाय दुसऱ्याचा आवाज निघणार नाही.

डाऊनच्या मुलीचे शब्द कळत नाहीत म्हणालात. तर आकारात, म्हणजे नुसत्या "आ" वर, गाऊ द्या ना! मोठमोठे गवई तासभर आकारात गातात, तेव्हा कोणी शब्द विचारत नाही. जिभेचे स्नायू सैल असले तर व्यंजनं अडकतात, स्वर नाही अडकत. आकारात तिचा सूर खरा आहे का ते मला ऐकायला आवडेल.

सदरची_टीचर

वा, भात्याचं मला सुचलंच नसतं. सूरप्रेमींना एवढंच सांगते की अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्लंडचे विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून एकत्र काम करून या मुलांसाठी जी पद्धत उभी केली त्यातसुद्धा मुलाला नुसतं ऐकवत बसत नाहीत, तो ढोलावर, सिंबलवर जे काही वाजवेल, तोंडातून जो आवाज काढेल, त्याला पियानोवर साथ करतात. म्हणजे मूल आधी, साथ मागून.

पेटीवाली_प्रतापनगर

पाच आठवड्यांनी लिहून राहिली आहे, आधी यायचं होतं पण म्हटलं काही झाल्याशिवाय काय लिहू.

चित्रं लावली, तास २५ मिनिटांचा केला, झांज घरी ठेवली. पहिले दोन आठवडे मला काहीच फरक दिसला नाही, तिसऱ्या आठवड्यात स्वागताचं गाणं सुरू केलं तर चित्र पालथं करणारा मुलगा माझ्या आधी गायला लागला. १६ सेकंद थांबणं खरंच कठीण आहे, माझी जीभ शिवशिवते, पण तानपुरा सुरू ठेवला की थोडं सोपं जाते.

खोडरबरं लावली. पेटी टेबलवर ठेवली म्हणजे व्हीलचेअर खाली शिरते. आणि भाता मी टेबलाखाली गेलेल्या मुलाला दिला. शाळेत सगळे नको म्हणत होते, तो आवाज सहन करत नाही म्हणून. मी भाता त्याच्यासमोर ठेवून नुसती बसले. किती वेळ ते मोजलं नाही, दोन आवर्तनं तरी. मग त्याने बोट लावलं, ढकललं, सोडलं. पलीकडे कोपर तयारच होतं. सा निघाला. तो घाबरला नाही, भाता बंद केला, आवाज बंद झाला, परत उघडला, परत सा. दहा मिनिटं दोघं तेच करत होते आणि खोलीत कोणी हललं नाही. आता रोज भाता तोच मारतो, एकदम एका लयीत, माझ्यापेक्षा सरळ. दमला की थांबतो आणि मग आम्ही सगळे थांबतो.

अंध मुलीला मी आता रविवारी घरी वेगळं बोलावते, तिचे बाबा स्कूटरवर आणून सोडतात, प्रारंभिकचा फॉर्म भरायचा आहे. डाऊनची मुलगी आकारात भूप गाते. पांढरी_चार, तुम्हाला ऐकायचं होतं ना, सूर खरा आहे. ग थोडा उतरतो तेवढंच, तो तर माझ्या मध्यमाच्या मुलांचाही उतरतो.

२६ जानेवारीला रेकॉर्ड लावायचं नाही हे ठरलं. मुख्याध्यापिकांना मी खोलीत बोलावून नुसतं ऐकायला बसवलं, त्यांनीच सांगितलं की रेकॉर्ड नको. भूपमधल्याच चार ओळी आहेत, मी रचलेल्या, दादऱ्यात. सा आणि प पेटीवर, आकार, दोन खंजिऱ्या, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाला डग्गा द्यायचा आहे. पण त्याचं मला अजून जमत नाहीये. खोलीत टाइल्स आहेत, त्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळत नाही, इकडे तिकडे पाहून वाजवते. ठेका_महालचा भाऊ, ती प्लायवूडची शीट कितीची जाडी घेतली होती? आणि वेल्क्रो चांगला कुठे मिळेल, मी आणलेला दोन दिवसांत सुटला.

ठेका_महालचा

ताई १२ एमएम घ्या, त्यापेक्षा जाड घेतली तर कंप कमी येते. खालचे बॅटन कडेलाच ठोका, मध्ये नका देऊ. वेल्क्रो इतवारीत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, दोन इंच रुंदीचा मागा आणि चिकटवायचा नाही, शिवायचा घ्या, टेलरकडून कापडी पट्ट्यावर शिवून आणा मग नाही सुटत.

आणि शीट विकत नका घेऊ अजून. माझी इथे माळ्यावर पडली आहे, पोरगा मोठा झाला, आता त्याला लागत नाही. तुमचा गुरुवारचा तास किती वाजता असते ते सांगा, त्यालाच घेऊन येतो, तोच बसवेल याला शीटवर.

पेटीवाली_प्रतापनगर

गुरुवारी ११ वाजता. गेटवर माझं नाव सांगा, मी पत्ता मेसेजमध्ये टाकते. त्याला म्हणावं चप्पल बाहेर काढून थेट आत ये.